खड्ड्यात आपटलेल्या गाडीचा टाय रॉड एंड घरी बदलता येतो का?

पुढचे चाक खड्ड्यात आपटल्यापासून आपली गाडी एका बाजूला ओढते, वळताना खडखड वाजते आणि गॅरेजवाल्याने टाय रॉड एंड बदलायला सांगितला आहे, तर हे काम घरी जमेल का, असे आपण विचारले आहे. टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा (टाय रॉड) चाकाच्या बाजूला जोडणारा टोकाचा सांधा. बाहेरचा टाय रॉड एंड घरी नक्की बदलता येतो. स्टिअरिंग रॅक (टाय रॉड ढकलून चाके वळवणारा भाग) आणि कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा) यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण कॉलम सुटल्यावर स्टिअरिंग मोकळे फिरले तर एअरबॅगची तार असलेली क्लॉक स्प्रिंग तुटते आणि शंभराच्या कामात हजारोंचे काम निघते.

मी वडोदऱ्यात राहतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले आणि माझी जुनी वॅगनआर अर्धे चाक बुडेल इतक्या पाण्यात उभी राहिली. टाय रॉड एंडच्या रबरी बुटाला, म्हणजे सांध्यावरच्या आवरणाला, आधीच चीर होती. तिच्यातून गाळ आत गेला, ग्रीस धुऊन निघाले आणि दिवाळीपर्यंत सांधा वाजू लागला. म्हणून दोष खड्ड्यालाच देण्याआधी आपल्या गाडीचा बूटही एकदा पाहून घ्यावा.

खरा दोषी कोण, हे ठरवण्यासाठी पुढचे चाक उचलून, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून आडवे हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी सांध्यावर बोट ठेवायला सांगावे. सांधा झिजलेला असेल तर बोटाला टक् असा धक्का लागतो. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलत असेल, तर बेअरिंग किंवा खालच्या आर्मचा बॉल जॉइंट तपासावा. टाय रॉड एंड बदलून काहीही साधणार नाही. दांडा वाकला असल्यास तो सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. पूर्वी एका कारागिराने माझा दांडा गॅसवर तापवून सरळ केला आणि ‘काका, आ तो चालशे’ म्हणून हाती दिला. काही आठवड्यांत टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली.

प्रत्यक्ष कामात जॅक फक्त गाडी उचलण्यापुरता असतो. गाडी पेलायला चॅसिसखाली स्टँड लावावा, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना विटा द्याव्यात. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी पान्याशी झटापट करावी लागत नाही. चाक काढल्यावर सांधा अजून पकडीत असतानाच लॉक नट (एंडला दांड्यावर घट्ट धरणारा नट) पाव फेरा सैल करावा. नंतर दांडा हातात गरगर फिरतो आणि तो धरायला तिसरा हात लागतो. मग स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुभंगी पिन) काढून खाचांचा नट ढिला करावा, पण तो दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा.

आता सगळ्यात चिवट भाग येतो. सांध्याचा खुंट निमुळता असतो आणि नकलच्या (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाच्या) डोळ्यात, म्हणजे छिद्रात, घट्ट बसलेला असतो. पुलर (सांधा ओढून काढणारे हत्यार) असल्यास उत्तम. नसल्यास खुंटावर हातोडा न मारता, डोळ्याच्या बाजूला एक जड घाव घालावा. लोखंडाचा डोळा क्षणभर ताणला जातो आणि खुंट ठक् आवाज करून सुटतो. माझा पाचव्या घावाला सुटला, आणि नट काढून टाकलेला नसल्यामुळे दांडा पायावर पडला नाही.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत, कारण मी एकदा मध्येच फोन घेतला आणि आकडा विसरलो. नवा एंड तितक्याच फेऱ्यांत बसवावा. मात्र जुना-नवा शेजारी ठेवून लांबी आधी जुळवावी, नाहीतर मोजलेल्या फेऱ्यांना अर्थ राहत नाही. खाचांचा नट पुरेसा आवळल्यावर पिनचे छिद्र जुळत नसेल, तर नट थोडा पुढे आवळावा, मागे कधीही फिरवू नये. पिन प्रत्येक वेळी नवीच वापरावी. आवळताना खुंटच फिरू लागल्यास सांध्याला खालून जॅकचा हलका दाब दिला की तो धरून राहतो.

फेरे मोजल्याने गाडी फक्त व्हील अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ नेता येते. टो (पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर व्हायला अलाइनमेंट त्याच दिवशी करावेच लागते. तिथे टो जुळवताना लॉक नट पुन्हा सैल केला जातो. तो शेवटी आवळला आहे ना आणि रॅकचा रबरी बेलो (घड्यांचे आवरण) पिळला गेलेला नाही ना, हे मी गाडी रॅम्पवरून उतरण्याआधी खाली वाकून स्वतः पाहतो.