स्थलांतरामुळे साथीचे रोग कसे पसरतात?

माणूस जंतू सोबत घेऊन जातो हे खरंय पण अर्धंच. 1520 मध्ये स्पॅनिश लोकांबरोबर देवीचा रोग मेक्सिकोत पोचला, तिथल्यांनी तो कधी बघितलाच नव्हता, प्रतिकारशक्ती शून्य, त्यामुळे माणसं अक्षरशः पटापट गेली. उलटंही होतं, मलेरिया नसलेल्या भागातला माणूस मलेरियाच्या भागात कामाला गेला की तोच जास्त आजारी पडतो. म्हणून सरसकट स्थलांतरितांना दोष देणं मला अजिबात पटत नाही. टीबीचंच बघा ना, जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून असतात, मग दाटीवाटीची खोली, अर्धपोटी राहणं, कागदपत्रं नाहीत म्हणून दवाखान्याची भीती, यात तो उफाळतो. आणि औषधाचा कोर्स साधारण 6 महिन्यांचा, मध्येच गाव बदललं की तो तुटतो आणि औषधांना दाद न देणारा टीबी तयार होऊ शकतो.