गोळीने जळजळ थांबते, कारण तसंच राहतं

या वेळच्या टपालात पोटाच्या वरच्या भागाच्याच तक्रारी जास्त आहेत. बहुतेकांनी आजाराचं नाव ‘ॲसिडिटी’ असं लिहिलंय आणि बहुतेकांकडे एकच गोळी आहे. पत्रं नीट वाचली तर प्रत्येकाचा आजार निराळा निघतो.

प्रश्न : वय ४१. रात्री दोन-अडीचला छातीच्या हाडाखाली कुरतडल्यासारखं दुखून जाग येते. काही खाल्लं की थांबतं. दोन वर्षं अधूनमधून पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेतोय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला आणि जंतूंची तपासणी पॉझिटिव्ह आली. मी तिखट खात नाही, कसलं टेन्शन नाही. मग अल्सर झालाच कसा?

उत्तर : तिखट आणि टेन्शन यांच्या डोक्यावर अल्सरचं खापर फार वर्षं फोडलं गेलं. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण असा अल्सर होण्यामागे मुख्य कारणं दोनच : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. तुमच्या बाबतीत पहिलं.

जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असं डॉक्टरमंडळीही धरून चालली होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तरावर वळणदार जंतू दिसत होते, पण प्रयोगशाळेत ते वाढेनात. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जंतू वाढले. तरी कुणी मानेना, तेव्हा वॉरन यांचे सहकारी बॅरी मार्शल १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच प्यायले. त्यांना अल्सर झाल्याचं सांगतात ते खरं नाही. जठराला सूज आली होती. पण मुद्दा सिद्ध व्हायला तेवढी पुरली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू शरीरातल्या युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि अस्तरावरच्या चिकट थराखाली मुक्काम ठोकतो. लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. ज्यांच्या पोटात तो असतो त्यांतल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही, म्हणून ‘माझ्याच वाट्याला का’ याला सरळ उत्तर नाही. तुमची गोळी आम्ल कमी करत होती, जखम भरत होती, जंतू मात्र जागच्या जागी होता. गोळी थांबली की पुन्हा तेच.

आता १४ दिवसांचा कोर्स मिळेल : आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक्स, बऱ्याचदा जोडीला बिस्मथ. तोंडाला धातूची चव येईल, जुलाब होऊ शकतात. बिस्मथने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडलात, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढच्या खेपेला जास्त औषधं लागतात.

कोर्स संपल्यावरची तपासणी तर जवळजवळ सगळेच विसरतात. अँटिबायोटिक संपल्यापासून किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा, आणि त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रक्ताची तपासणी इथे कामाची नाही. जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते.

प्रश्न : सासूबाईंचं वय ७२. गुडघ्यांसाठी त्या रोज डायक्लोफेनॅक घेतात, हृदयासाठी ॲस्पिरिन आहेच. पोटात दुखत नाही, पण चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होतंय. उठल्यावर गरगरतं. वयामुळे असेल का?

उत्तर : नाही. तुम्हाला ताबडतोब वेगळं कळवलंच आहे; हे बाकीच्या घरांसाठी. काळं, चिकट, उग्र वासाचं शौच म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव होतोय असं धरायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण त्यात हा चिकटपणा नसतो आणि गरगरतही नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तरी तेच करायचं.

पोटात दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. वयस्कर माणसात वेदनाशामकांमुळे झालेला अल्सर रक्तस्राव होईपर्यंत मुकाट बसू शकतो. ही औषधं ज्या रसायनांना अडवून गुडघ्याचं दुखणं थांबवतात, तीच रसायनं जठराचं अस्तर राखायला लागतात. म्हणून गोळी जेवणानंतर घेतली किंवा इंजेक्शन घेतलं तरी हा धोका टळत नाही. डायक्लोफेनॅक लगेच थांबवा. ॲस्पिरिनचं मात्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, तिथे हृदयाचाही हिशेब असतो. बऱ्या झाल्यावर गुडघ्यांसाठी काय द्यायचं हे विचाराल, तेव्हा घरात असलेली प्रत्येक गोळी सोबत न्या; एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

प्रश्न : वय ३५, गेल्या काही वर्षांत वजन बरंच वाढलं. आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं, रात्री खोकला येतो. झोपताना दोन उशा घेते आणि जेवणानंतर ओमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी. फरक नाही. मलाही अल्सर असेल का?

उत्तर : लक्षणं अल्सरची वाटत नाहीत. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथला स्नायू नको तेव्हा सैल पडतोय. त्यात पोटाच्या घेराचा दाब खालून वर येतो. आम्ल कदाचित नेहमीइतकंच असेल, फक्त ते भलत्या जागी जातंय.

दोन उशांनी मान वर होते आणि पोट दुमडतं, म्हणजे दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. वजन थोडं उतरलं तरी फरक जाणवतो. ओमेप्राझोल जेवणानंतर घेऊन तिचा अर्धा गुण वाया घालवताय. पेशींतले आम्लाचे पंप जेवणाबरोबर चालू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास पोटात हवी. पहिल्याच दिवशी चमत्कार होणार नाही. तीन-चार दिवसांनी पूर्ण जोर येतो.

गिळताना घास अडकू लागला, न ठरवता वजन उतरलं किंवा रक्त कमी निघालं, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. आणि छातीतली ‘जळजळ’ चालताना किंवा जिना चढताना येत असेल, तर माझ्याकडे यायच्या आधी हृदय तपासून घ्या.

प्रश्न : आम्ल कमी करणारी गोळी बंद केली की आठवड्यात दुप्पट जळजळ होते. म्हणजे जन्मभर घ्यावी लागणार? हाडं ठिसूळ होतात म्हणे.

उत्तर : बरेच महिने दाबून ठेवलेलं आम्ल गोळी थांबताच काही दिवस उसळतं. तो आजार परतल्याचा पुरावा नव्हे. डोस हळूहळू उतरवा, मधल्या दिवसांत आम्ल मारणारं पातळ औषध चालेल. हाडांबद्दल अभ्यासांत संबंध दिसला आहे, पण कारण हीच गोळी, हे ठरलेलं नाही. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कधीतरी तपासा. पूर्वी रक्तस्राव झालेला असेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल, तर आम्ल कमी करणारी ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : थंड दूध प्यायल्याने अल्सर बरा होतो का?

उत्तर : घटकाभर बरं वाटतं. मग दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. आवडत असेल तर प्या, औषध म्हणून नको.