बेइग्ली वरून का फुटते, आणि पांढऱ्या खसखशीची करता येते का

ताई, तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सूनबाई हंगेरीतल्या देब्रेत्सेनची, यंदाच्या नाताळात विहीणबाई पुण्याला येताहेत आणि त्यांच्यासाठी घरी बेइग्ली करायची आहे. गेल्या वर्षी केली तेव्हा ती वरून लांबलचक फुटली आणि सारण ट्रेभर पसरलं. काळी खसखस कुठे मिळत नाही, तर आपली चालेल का? डुकराच्या चरबीऐवजी काय घालायचं? आणि किती दिवस आधी करून ठेवता येईल? मी बुडापेस्टमध्ये बरीच वर्षं राहतोय. शेजारच्या आजींच्या हाताखाली ही शिकलो आणि आता दर डिसेंबरात घरी करतो. त्यामुळे जे सांगतोय ते हाताखालून गेलेलं आहे.

ज्यांनी बेइग्ली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यीस्ट घातलेल्या, भरपूर लोण्याच्या पिठाची पातळ पोळी लाटायची, तिच्यावर अक्रोडाचं किंवा खसखशीचं सारण जाडसर पसरायचं, गुंडाळी करायची आणि भाजायची. काप केला की आत काळी किंवा तपकिरी चक्री दिसते. ऑस्ट्रियाकडून आणि पोझोन्य म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाकडून हा प्रकार हंगेरीत रुजला आणि आता त्याच्याशिवाय इथे नाताळ होत नाही. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी हालास्ले, म्हणजे पाप्रिका घातलेलं लालभडक माशाचं सार, आणि नंतर बेइग्ली. दोन्ही सारणांची जोडीने करतात. खसखशीने घरात बरकत येते आणि अक्रोडाने इडापिडा टळते अशी जुनी समजूत आहे. विहीणबाईंसाठी करताय तर दोन्ही कराच, त्यांना ताटात जोडीच अपेक्षित असणार.

आता फुटण्याचं. तुम्ही लिहिलेल्या कृतीत अर्धा किलो मैद्याला यीस्टचं पूर्ण सात ग्रॅमचं पाकीट आहे आणि पीठ उबेला ठेवून दुप्पट फुगवलं आहे. दुखणं तिथेच आहे. ही पावाची रीत झाली आणि बेइग्ली हा पाव नाही. यातलं यीस्ट पारी थोडी हलकी करण्यापुरतं असतं. पीठ मनात करंजीच्या पारीसारखं धरा: मोहन भरपूर, मळणं कमी, खाताना खुसखुशीत. असं पीठ उबेत फुगवलं की भाजताना आतून जोर करतं आणि वरची पातळ पारी तो जोर सोसू शकत नाही.

चार गुंडाळ्यांचं माझं प्रमाण असं. मैदा 500 ग्रॅम, चरबी आणि लोणी मिळून 250 ग्रॅम, पिठी साखर 50 ग्रॅम, दोन अंड्यांचे पिवळे बलक, चिमूटभर मीठ, दूध साधारण 120 मिली. यीस्ट ताजं असेल तर 10 ग्रॅम, कोरडं इन्स्टंट असेल तर 3 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. त्याहून जास्त नको. गार लोणी मैद्यात बोटांनी चोळून घ्या, रवाळ झालं पाहिजे. यीस्ट कोमट दुधात विरघळवून त्यात ओता, बलक घाला आणि गोळा जमेपर्यंतच मळा. पीठ गुळगुळीत दिसेपर्यंत मळत बसलात तर ते लाटताना मागे ओढतं आणि भाजताना चामट होतं. लगेच वजन करून चार भाग करा, प्रत्येक साधारण 240 ग्रॅमचा. थोडे चपटे करून, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. घाई असली तरी दोन तास तरी हवेतच.

वजनकाटा वापरा असं आग्रहाने सांगतो, कारण दुसरी मेख तिथे आहे. जितकी पारी तितकंच सारण, वजनाला वजन. इथल्या घराघरांत हेच प्रमाण चांगलं मानतात. सारण कमी पडलं तर गुंडाळीत पोकळी राहते, पोकळीत वाफ साठते आणि पारी फाटते. सारण फार झालं तर पारी इतकी ताणली जाते की शिवणच उघडते. नजरेने दोन्ही समजत नाही.

अक्रोडाचं सारण दोन गुंडाळ्यांसाठी: अक्रोड 240 ग्रॅम, साखर 110 ग्रॅम, दूध 80 मिली, मूठभर बेदाणे, एका लिंबाची किसलेली साल. दूध-साखर उकळून दळलेल्या अक्रोडावर ओतायची आणि ढवळून पूर्ण गार करायचं. अक्रोड मिक्सरमध्ये फिरवत राहिलात तर तेल सुटून लगदा होतो. हाताने फिरवायची सुक्या मेव्याची किसणी असेल तर तीच वापरा. अक्रोड आधी चाखून पाहा. जरा जरी खवट असेल तरी साखर ते लपवू शकत नाही. काश्मिरी अक्रोड फोडून घेतलात तर उत्तम.

सारण किती ओलं हवं? मुठीत दाबलं की आकार धरतं, पण बोटांना ओल सुटत नाही, इतपत. पातळ सारणाची वाफ होते. अगदी कोरडं असेल तर ते पारीतला ओलावा ओढून फुगतं. दोन्हीचा शेवट तडा जाण्यात होतो. सैल वाटलं तर चमचाभर ब्रेडचा कोरडा चुरा घाला. आणि कोमट सारण कधीही पसरू नका, खालचं लोणी वितळायला लागतं.

लाटायला एका वेळी एकच गोळा फ्रिजमधून काढा. साधारण 20 बाय 30 सेंटीमीटरचा आयत, जाडी तीन-चार मिलिमीटर. तिन्ही बाजूंना सेंटीमीटरभर कड सोडून सारण सगळीकडे सारखं पसरा. आखूड बाजूंच्या कडा आधी आत दुमडा, मग लांब बाजूने गुंडाळा. हात हलका ठेवा. आवळून गुंडाळलेली बेइग्ली फुगायला जागा नसल्याने फुटते. शिवण खाली येईल अशी ट्रेमध्ये ठेवा आणि दोन गुंडाळ्यांमध्ये चार बोटं अंतर सोडा.

यापुढचं काम मला सगळ्यात आवडतं. चांगल्या बेइग्लीच्या पाठीवर संगमरवरासारखी बारीक, फिकट-गडद जाळी असते. विहीणबाई पहिली नजर त्या जाळीवरच टाकतील. पिवळा बलक थोडा फेटून गुंडाळीवर आणि बाजूंना पातळ, एकसारखा लावा. थेंब खाली ओघळून साचू देऊ नका. गार जागी ठेवा. तासाभरात बोट लावलं तर चिकटणार नाही, पृष्ठभाग मंद चमकदार आणि किंचित ताणलेला दिसेल. मग त्यावर पांढऱ्या बलकाचा हात द्या आणि पुन्हा सुकू द्या, या वेळी ओट्यावरच. वरचा थर सुकताना आवळतो आणि ओव्हनमध्ये खालची पारी किंचित फुगली की त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. बलक भाजून गडद होतो, भेगांमधून फिकट पारी दिसते. हीच ती जाळी. दूध लावून रंग येतो, जाळी येत नाही. दुसरा थर अर्धवट सुकला असताना भाजायला घातलं तर नुसता पिवळा तकाकणारा रंग येतो, तेव्हा इथे वेळ द्या.

ओव्हनमध्ये सरकवण्याआधी टोचणं विसरू नका. विणकामाची बारीक सुई किंवा लाकडी काडी घ्या आणि वरून तळापर्यंत, तीन-चार सेंटीमीटरवर एक, अशी भोकं पाडा. बाजूंनीही टोचा. पारीच्या एकाच थराला टोचून उपयोग नाही, मधल्या थरांत अडकलेली हवा बाहेर पडली पाहिजे. बाजूची भोकं दिसत नाहीत, म्हणून माझा भर त्यांच्यावर जास्त असतो.

ओव्हन आधीच 180 अंशांवर तापलेला हवा. 30 ते 35 मिनिटं, मधल्या खणात. मंद आचेवर सुरुवात झाली तर पारी धरण्याआधी लोणी वितळून पसरतं. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. बाहेर काढल्यावर ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना उचलली तर मधोमध मोडते.

आता खसखस. इथली खसखस निळसर-करडी असते. दुकानात दळलेलीही मिळते, पण आजी घरीच दळायच्या, त्यासाठीचं हाताने फिरवायचं छोटं यंत्र जुन्या घरांतून असतंच. कारण दाणा चिरडला गेला पाहिजे. अख्खा दाणा दाताखाली वाळूसारखा लागतो आणि सारण मिळून येत नाही. दळली की पाटीसारखा कोरडा निळा रंग जाऊन ओलसर काळी होते, चिमटीत दाबलं की चिकटून राहते आणि बोटाला तेल लागतं. तिथे थांबायचं. दळलेली खसखस दोन-चार दिवसांत कडवट होऊ लागते, म्हणून लागेल तेवढीच दळा.

आपली पांढरी खसखस चालेल. चव सौम्य असते, किंचित बदामासारखी, आणि चक्री फिकट दिसते. विहीणबाईंना रंग वेगळा वाटेल, पण बेइग्ली चांगलीच होईल. फक्त आपल्या सवयीप्रमाणे भिजवून वाटू नका, ते वाटण रश्शासाठी ठीक. खसखस तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग चटणीच्या छोट्या भांड्यात थोड्या साखरेबरोबर थांबत थांबत फिरवा. साखरेच्या खड्यांनी दाणा चिरडायला मदत होते. प्रमाण: खसखस 220 ग्रॅम, साखर 110 ग्रॅम, दूध 120 मिली, चमचाभर बारीक रवा, बेदाणे, आणि लिंबाची साल अक्रोडाच्या सारणापेक्षा जास्त. दूध-साखर उकळली की रवा आणि खसखस घालून दोन मिनिटं ढवळा आणि उतरवा. पांढऱ्या खसखशीला थोडा मध घातला तर चव भरते.

आता एक गोष्ट गांभीर्याने घ्या. पाहुण्यांना काळी खसखस सामानातून आणायला सांगू नका. भारतात खसखशीच्या आयातीवर नियंत्रण आहे, व्यापाऱ्यांनाही ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. आणि विमान दुबईमार्गे असेल तर मुळीच नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. तिथे राहणाऱ्यांनी नुसती अक्रोडाची करावी. इथे हंगेरीत मात्र खसखशीचं पीक रोजच्या जेवणाचं आणि औषधांचंही आहे. यानोश काबाई नावाच्या औषधशास्त्रज्ञाने खसखशीच्या झाडापासून थेट, अफूचा चीक न काढता, मॉर्फिन मिळवायची पद्धत इथेच शोधली आणि 1927 मध्ये त्यासाठी कारखाना काढला. आपल्याकडे नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात परवान्याने अफू पिकते आणि तिचीच खसखस आपल्या अनारशांवर येते, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांना फार नवल वाटतं.

चरबीचं सोपं आहे. इथे अर्धी चरबी, अर्धं लोणी घेतात. चरबीने पारी जास्त भुसभुशीत होते. तुम्ही सगळं बिनमिठाचं लोणी घ्या, काही बिघडत नाही. तूप वापरायचं तर 200 ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं. तेवढं दूध दोन-तीन चमचे वाढवा आणि तूप थिजलेलंच घ्या. वनस्पती तूप नको. बेइग्ली गारच खातात आणि गार वनस्पती तुपाचा थर टाळूला चिकटून राहतो.

करून कधी ठेवायची? 22 तारखेला पीठ आणि सारण, 23 ला लाटून भाजायची, 24 ला कापायची. भाजल्या दिवशी कापली तर चुरा पडतो. रात्रभरात सारणाचा ओलावा पारीत उतरतो आणि काप स्वच्छ येतात. धारदार सुरीने, बोटभर जाडीचे काप करा. न कापलेली गुंडाळी फडक्यात गुंडाळून डब्यात घातली तर पुण्याच्या डिसेंबरात चार-पाच दिवस सहज टिकते. मुंबईच्या हवेत फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी तासभर बाहेर काढा. पाहुणे आधीच येणार असतील तर भाजून, पूर्ण गार करून फ्रीझरमध्येही ठेवता येते.

तुमचा ओटीजी लहान असेल तर आयत 25 सेंटीमीटर लांबीचाच लाटा आणि एका वेळी दोनच भाजा, वरची सळई जवळ असल्याने पाठ लवकर करपते. तो किती लिटरचा आहे आणि त्यात पंखा आहे का ते कळवा, म्हणजे तापमान आणि वेळ नेमकं सांगतो. पहिली गुंडाळी आठवडाभर आधी भाजून तिच्या कापाचा फोटो टाका. चक्री पाहून सारण कमी-जास्त झालंय का ते लगेच कळेल.