कोल्हापूरकडे नवऱ्याला 'कारभारी' का म्हणतात?

लग्न होऊन कोल्हापूरला आल्यावर सासूबाई सासऱ्यांना 'कारभारी' म्हणताना तुम्ही ऐकलंत आणि 'हा नवरा की दिवाणजी?' असा प्रश्न तुम्हाला पडला. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, सध्या राहते मंगळवार पेठेत. हा शब्द कानावर घेतच वाढले, म्हणून सविस्तर सांगते.

तुमचा 'दिवाणजी' हा अंदाज चुकीचा नाही. फारसीत 'कार' म्हणजे काम आणि 'कारबार' म्हणजे कामकाज, व्यवहार. हिंदीत त्याचं 'कारोबार' झालं, मराठीत 'कारभार'. हा 'भ' आपल्या 'भार' शब्दाच्या ओढीनं आला असावा असं मला वाटतं. राजाच्या वतीनं राज्य चालवणारा तो कारभारी. आपल्या कोल्हापूर संस्थानातही हे पद होतं. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, ते कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यामुळेच. गादी छत्रपती चौथ्या शिवाजींची, पण हुकूम चालायचा कारभाऱ्यांचा, आणि टिळक-आगरकरांची तक्रारही त्या कारभाऱ्याविरुद्धच होती.

दरबारातला हा शब्द घरात कसा आला, ते खटल्याच्या, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाच्या, घरात कळतं. चार भाऊ, एक चूल, एकत्र रान. उसाचं बिल कुणाच्या हातात येणार, बैल कधी घ्यायचा, पोरीचं लग्न कुठं ठरवायचं, हे जो बघतो तो घरचा कारभारी. बहुतेक वेळा थोरला भाऊ. म्हणजे खरं तर घरात कारभारी एकच असायचा. पण धाकट्या जावाही आपापल्या नवऱ्याला कारभारीच म्हणायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग हाक मारायला मानाचा शब्द हवा. 'आमचं कारभारी रानात गेल्यात', असं आज्जी म्हणायची. वाक्यात 'आमचं' आहे म्हणून गोंधळू नका, आमच्याकडची ती आदराची बोली आहे. रस्त्यात अनोळखी शेतकऱ्यालाही 'काय कारभारी, बरं हाय न्हवं?' असं विचारतात, तिथं नवऱ्याचा काही संबंध नसतो. आणि पेपरात 'पालिकेचे कारभारी' वाचलंत तर ते नगरसेवक.

'मालक' हा शब्दही आमच्याकडे नवऱ्यासाठी तितकाच चालतो. तो अरबीतून आलेला, आणि अर्थ सरळ आहे : ज्याची वस्तू तो. 'धनी' संस्कृतातला, ज्याच्याकडे धन तो. या दोन्ही शब्दांत बायको कुठंतरी वस्तूंच्या यादीत जाऊन बसते, आणि मला ते खटकतं. कारभारी मात्र मालक नसतो. त्याच्याकडे सोपवलेलं असतं, आणि हिशेब द्यावा लागतो. म्हणून या सगळ्या शब्दांत मला हाच आवडतो. 'नवरा' तर मुळात 'नव वर', म्हणजे लग्नाच्या दिवसाचा शब्द. गंमत बघा, नवरी लग्नानंतर बायको होते, पण नवरा जन्मभर नवराच राहतो. ही 'बायको' म्हणजे आधी नुसती बाई, अनेकवचनात 'बायका' आजही तोच अर्थ दाखवतं.

आता 'कारभारीण'. पाटलाची पाटलीण, तशी कारभाऱ्याची कारभारीण, असं व्याकरण सांगेल. घरात मात्र तिचं काम नवऱ्याच्या पदावर अवलंबून नव्हतं. धान्याची कणगी, दुधाचा हिशेब, पै-पाहुणा, सणासुदीची देवाणघेवाण हे तिच्याकडे. म्हैस विकत घ्यायला व्यापारी आला की आजोबा दर ठरवायचे, पण सौदा पक्का करण्याआधी म्हणायचे, 'थांबा, कारभारणीला इचारतो.' दूध ती काढायची, कोणती म्हैस आटत आलीय ते तिलाच माहीत. एकदा ती नको म्हणाली आणि व्यापारी हात हलवत परत गेला, हे मी स्वतः पाहिलंय.

तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, त्या सासऱ्यांना चारचौघांत काय म्हणतात आणि उखाण्यात काय. आज्जी हळदीकुंकवाला उखाण्यात आजोबांचं नाव घ्यायची आणि लगेच पदर तोंडाला लावायची. घरी आली की पुन्हा, 'कारभारी, च्या ठेवू का?'