सुपीक जमिनीला कँटोनीजमध्ये काय म्हणतात?

प्रश्न असा होता : कँटोनीजच्या (हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेच्या) शब्दकोशात 'सुपीक'साठी 'फेइ-युक' दिलंय, पण हाँगकाँगचा शेतकरी खरंच असं बोलतो का?

सहसा नाही. 'थोउ-तेइ फेइ-युक' (जमीन सुपीक) हे भूगोलाच्या पुस्तकातलं, बातमीपत्रातलं वाक्य. तिथे लिहायचं ते प्रमाण चिनी वळणाने आणि वाचायचं कँटोनीज उच्चारात, असा रिवाज आहे. त्यामुळे असे शब्द कानावर पडतात, समजतात, पण गप्पांत आले की भाषण ठोकल्यासारखे वाटतात.

बोलताना नुसतं 'फेइ' पुरतं. 'नी फाइ थीन् होउ फेइ' म्हणजे हे शेत चांगलं कसदार आहे. 'थोउ-यॉङ' (मृदा) हाही पुस्तकी शब्द. बोलीत सरळ 'नइ', म्हणजे माती. गंमत अशी की 'फेइ'चा मूळ अर्थ लठ्ठ, चरबीदार. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, माणसाच्या लठ्ठपणाला 'पांग' हा वेगळा शब्द आहे. कँटोनीजमध्ये मात्र शेत, डुक्कर आणि शेजारचे काका सगळेच 'फेइ'.

नवशिक्यांनी एक जपावं. 'फेइ-युक'मधला 'युक' वरच्या सुरात म्हटला तर सुपीक, खालच्या सुरात म्हटला तर 'चरबीचं मांस'! देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सूर कानानेच पकडायला हवा.

नापीक जमिनीचंही तसंच. पुस्तकी शब्द 'फन्-चेक', बोलीतला 'सउ', म्हणजे बारीक, रोड. मांसाच्या दुकानात बिनचरबीचं मांस मागायचं तरी हाच 'सउ'. आणि ही म्हण तर शहरात जन्मलेल्यांच्याही तोंडी असते : 'सउ थीन् मोउ यन् काङ, काङ होइ यउ यन् चाङ'. रोड शेत कसायला कुणी नाही, कसून तयार केलं की भांडायला हजर. (शेवटचा 'च' आपल्या 'चोर'मधला.) कुणी ढुंकून न पाहिलेला धंदा एखाद्याने मेहनतीने उभा केला आणि मग बाकीचे तुटून पडले, की ती हमखास ऐकू येते. इथे 'सउ'च्या जागी 'फन्-चेक' घालून पाहा, म्हणीचा ठेकाच जातो.

तेव्हा निबंधात 'फेइ-युक' खुशाल लिहा. न्यू टेरिटरीजमध्ये (हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या भागात) एखाद्या भाजीवाल्या शेतकऱ्याशी बोलताना 'होउ फेइ' म्हणा.