इस्टिमेट होण्याआधी पोचा

तुम्ही लिहिलंय की कॉलनीमागच्या उद्यानासाठी राखीव प्लॉटवर पालिका लवकरच काम काढणार आहे, लोकांना तिथे झाडं आणि सावली हवी आहे, पण "आपल्याला कोण विचारतंय?" म्हणून सगळे गप्प बसलेत. मी पुण्यात बावीस वर्षं अशा कामांत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विचारतात. पण ती वेळ फार लवकर येते आणि आपल्याला कळायच्या आत निघून जाते. बहुतेक ठिकाणी लोक जागे होतात ते जेसीबी आल्यावर. तोवर निविदा निघालेली असते, वर्क ऑर्डर दिलेली असते, कनिष्ठ अभियंत्याच्या हातात बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. इस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार व्हायच्या आधी गेलात, तर तोच अभियंता नकाशा पसरून "कुठे काय हवंय, दाखवा" म्हणतो. म्हणून या आठवड्यात एकच काम करा: उद्यान विभागात जाऊन इस्टिमेट झालंय का ते विचारा. नसेल झालं, तर त्याच दिवशी पत्र द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक नसलेल्या पत्राचा पुढे काही उपयोग होत नाही.

प्लॉटचा भाग नकाशा (शहराच्या विकास आराखड्यातला त्या जागेचा तुकडा) आणि झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) हेही काढून ठेवा. आरक्षण खरंच उद्यानाचं आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पैशांचं म्हणाल, तर पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. तुमच्याकडे अशी सोय आहे का, चौकशी करा. पाच लाखांत बाग होत नाही. पाण्याची लाइन, बाकं, झाडांची आळी एवढं मात्र होतं. वाईट वाटतं ते याचं की लोकच अर्जात "पेव्हर ब्लॉक बसवा" असं लिहितात, कारण सुधारणा म्हणजे फरशी हेच आपण वर्षानुवर्षं बघत आलोय.

आता बागेच्या आराखड्याकडे येते. आम्ही पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा रविवारी सकाळी अकराला क्लब हाउसमध्ये बैठक घेतली. चौदा जण आले, जवळजवळ सगळे निवृत्त. चालायचा ट्रॅक आणि भोवती रेलिंग असं ठरलं, तसं झालंही. त्या प्लॉटमधून रोज पलीकडच्या बसस्टॉपला जाणाऱ्या घरकाम करणाऱ्या बायका कुणाच्या डोक्यातच आल्या नव्हत्या. रेलिंगनं त्यांची पायवाट बंद झाली आणि त्या वर्षभर भर रस्त्यानं वळसा घालून गेल्या. ती चूक आमची होती, आणि तिचा सल मला आजही आहे.

पुढच्या जागेच्या वेळी आधी आठवडाभर नुसतं जाऊन बसलो: सकाळी सहाला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. दुपारी वॉचमन आणि कुरिअरवाली मुलं डबा खायला कुठे बसतात, शाळा सुटल्यावर पोरं कुठल्या कोपऱ्यात खेळतात, पाऊस पडला की पाणी कुठे तुंबतं, हे सगळं वहीत लिहिलं. मग संध्याकाळी तिथेच, जमिनीवर चुन्यानं आराखडा आखला. लोक त्याच्यावर चालून बघत होते. "इथे दिवा नसेल तर मी आठनंतर येणार नाही," असं एका मुलीनं सांगितलं आणि दिव्याची जागा तिथल्या तिथे बदलली. भाजीच्या गाडीवाल्या मावशींनी स्वच्छतागृह मागितलं. कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही, पण जमिनीवरची रेघ सगळ्यांना कळते.

झाडांबद्दल थोडं. जागेवर आधीच असलेलं झाड मोजून नकाशात दाखवा, नाहीतर ते "अडथळा" ठरतं. कडुनिंब, करंज, बहावा, उंबर लावा. आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट येऊ देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पत्रात याचा उल्लेख करा. आम्ही एका जुलैत दोनशे रोपं लावली, एप्रिलमध्ये पाणी घालायला कोणी नव्हतं. तेव्हापासून आधी तीन उन्हाळ्यांच्या पाण्याच्या पाळ्या लावतो आणि जेवढी नावं येतात तेवढीच रोपं आणतो.

कॉलनीतलं कुणी "हरकती देऊन काय होतं?" म्हणालं, तर दोन गोष्टी सांगा. १९९७ मध्ये पुणे पालिकेत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. ते टिकावं म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना गेले, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारनं ते कायम केलं. भूसंपादन रेंगाळलंय, लढाई संपलेली नाही, पण आरक्षण उभं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा हजारो हरकतींनंतर नव्यानं करायला लागला. झाड तोडायचं असेल तरी १९७५ च्या वृक्ष कायद्यानं जाहीर नोटीस द्यावी लागते. तिची मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे झाडाला लावलेला कागद दिसला की लगेच फोटो काढा आणि वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या.

प्लॉटचे दुपारी एक वाजताचे दोन-तीन फोटो इथे टाका, सावली कुठे पडते ते दिसेल असे. नळाची लाइन किती लांब आहे तेही लिहा. कुठली झाडं कुठे बसतील ते त्यावरून सांगते.