स्नो ब्लोअर घ्या, पण आधी ती पॉलिसी कपाटातून काढा

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३८, पगार वर्षाला ९५ हजार डॉलर, पत्नी सध्या घरी, मुलगी चार वर्षांची. ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साठ फुटी. बर्फ काढणारा सीझनचे ५५० डॉलर मागतो. बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र, टू-स्टेज स्नो ब्लोअर, १,३०० ला मिळतंय, दुकानाच्या कार्डावर १८ महिने बिनव्याजी, वर २०० ची जादा वॉरंटी. बचत खात्यात ४,००० आहेत, त्यांना हात लावायचा नाही. 'महिना ६०० रिटायरमेंटच्या पॉलिसीत जातात, म्हणून ४०१के, म्हणजे नोकरीतलं रिटायरमेंट खातं, अजून सुरू केलं नाही. कंपनी त्यात पगाराच्या चार टक्क्यांपर्यंत तेवढेच पैसे घालते. ब्लोअर घ्यावा का?'

घ्या. रॉचेस्टरला वर्षाला सरासरी शंभरेक इंच बर्फ पडतो. बर्फ काढणाऱ्या माणसाला तीन वर्षांत १,६५० जातील, ब्लोअर पेट्रोल-तेलासकट तेवढ्यातच बसतो आणि पुढे दहा वर्षं सहज चालतो. टू-स्टेजच घ्या, त्यात पुढचं मळसूत्री पातं (ऑगर) बर्फ आत खेचतं आणि आतलं दुसरं पातं तो लांब फेकतं; २४ इंच रुंदीचा पुरे. एकाच पात्याचा सिंगल-स्टेज सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाला छान, पण रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, प्लो, ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो दगडासारखा बांध घालून जातो, तो त्याला फुटत नाही.

कार्ड नको. १८ महिन्यांत शेवटचा डॉलर फिटला तरच ते बिनव्याजी. वीस डॉलर उरले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज अंगावर येतं, आणि या कार्डांचे दर ३० टक्क्यांच्या घरात असतात. जादा वॉरंटीही नको. ब्लोअर बहुधा अडतो तो उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटल्यामुळे, आणि तो खर्च वॉरंटीवाले सहसा देत नाहीत. एप्रिलमध्ये टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. त्या २०० ऐवजी दहा-वीस डॉलरच्या शिअर पिना घेऊन ठेवा. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की बोटाएवढी ही पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी साधा बोल्ट कधीही घालू नका.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते.

तुम्ही पत्रासोबत जोडलेली पॉलिसी इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ आहे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकावरून व्याज ठरणारा आयुर्विमा. हा विमा आहे, रिटायरमेंट प्लॅन नव्हे. तीन वर्षांत २१,६०० भरलेत, आज मोडलीत तर हातात ८,००० येतील. वर ४०१के नसल्यामुळे कंपनीचे चार टक्के, वर्षाला ३,८००, सोडलेत, म्हणजे तीन वर्षांचे ११,४००. एकूण २५ हजारांचा खड्डा! इतके दिवस तुम्हाला कुणी हा हिशेब मांडून दाखवला नाही, याचा मला खरंच राग येतो.

एजंटने दाखवलेला सात टक्क्यांचा तक्ता बाजूला ठेवा. तुमच्या पॉलिसीत वर्षाला मिळणाऱ्या व्याजाची वरची मर्यादा नऊ टक्के आहे. बाजार पंचवीस टक्के चढला तरी तुम्हाला नऊच मिळणार, डिव्हिडंड हिशेबात नाहीच. 'कधीच तोटा नाही' म्हणतात, पण शून्य टक्क्यांच्या वर्षातही खर्च कापले जातात, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो.

क्रम असा ठेवा. आधी दहा लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता, बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा. तब्येत ठणठणीत आणि सिगारेट नसेल तर महिना साठेक डॉलरमध्ये मिळेल. तो लागू झाल्याचं पत्र हातात आल्यावरच जुनी पॉलिसी मोडा, आधी नाही. तब्येतीमुळे टर्म नाकारला गेला तर मोडू नका, मला परत लिहा. भरल्यापेक्षा कमीच परत येतंय, त्यामुळे त्यावर कर नाही. ते ८,००० सरळ बचत खात्यात टाका. ४०१के मात्र याच पगारापासून चार टक्क्यांनी सुरू करा. कर वाचल्यामुळे हातातले अडीचशेच्या आसपासच कमी होतील. पॉलिसी सुटली की टर्म आणि ४०१के भागवून महिना तीनशे उरतील. म्हणून ब्लोअर बिनधास्त बचतीतून, रोखीने घ्या.

एजंट तुमच्याच मंडळातला आहे, त्याला वाईट वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. वाटू द्या. गणपतीत भेटाल तेव्हा प्रसाद घ्या, बोला, पण पॉलिसीचा विषय त्याच्याशी काढू नका. मोडायचा अर्ज थेट विमा कंपनीकडे जातो.

आणि एक कळकळीची विनंती. ब्लोअरच्या तोंडात बर्फ अडकला तर इंजिन बंद केल्यावरही हात घालू नका. आतल्या पात्यात ताण राहिलेला असतो, बर्फ सुटताच ते फिरतं. यंत्रासोबत काठी येते, तीच वापरा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच आहात. आजार-अपघाताने काम थांबलं तर पैसे देणारा डिसॅबिलिटी विमा ऑफिसकडून किती आहे, तेही याच आठवड्यात एचआरला विचारा.